गंगाखेडच्या संत जनाबाई : कष्टातील कृतज्ञता

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या तीरावर वसलेले श्रीक्षेत्र गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी होय. या क्षेत्रास दक्षिणकाशी असे म्हणण्याची रूढी आहे. गोदास्नानासाठी व दर्शनासाठी येथे येणाऱ्या भाविकांना जनाबाईंचे नाव नवे नाही. परंतु आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी राबलेल्या या स्त्रीने कष्टांचा भार कशाच्या बळावर पेलला, हे त्यांचे चरित्र पाहिल्याशिवाय उमगत नाही.

जनाबाईंचे पिता दमा व माता करुंड हे विठ्ठलभक्त दांपत्य होते. घरची स्थिती अत्यंत हलाखीची होती. मातृछत्र हरपल्यावर पित्याने लहानग्या जनीला पंढरपुरास नेले व दामाशेटी यांच्या स्वाधीन केले, असे परंपरा सांगते. हे दामाशेटी म्हणजे संत नामदेव महाराजांचे वडील. ज्या वयात आईच्या पदराचा आधार हवा, त्या वयात हे मूल परक्या घरी दासी झाले. परत जाण्यासाठी माहेर उरले नाही.

दामाशेटींचे कुटुंब मोठे होते. गोणाई व राजाई या सासू-सुना, नामदेव, त्यांची मुले आणि दारी येणारे संतजन अशा साऱ्यांची कामे जनाबाईंकडे असत. पहाटे जात्यावर बसावे, धान्य कांडावे, अंगण झाडावे, केर भरावा, चंद्रभागेचे पाणी वाहावे, धुणी धुवावीत, गोवऱ्या वेचाव्यात असा त्यांचा दिवस होता. आज केलेले काम उद्या पुन्हा तसेच समोर उभे राही. ज्याला शेवट नाही व ज्याचे कोणी कौतुक करीत नाही, असे काम मनुष्याला शरीरापेक्षा मनाने अधिक थकविते.

जनाबाईंनी या थकव्यावर जो उपाय शोधला, तोच त्यांच्या अभंगांचा गाभा आहे. कामात आपण एकट्या नाही, विठ्ठल सोबतीस आहे, हा भाव त्यांनी दृढ धरला. जाते एकटीने ओढणे जड, दोघींनी ओढले तर हलके होते, हे दळणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ठाऊक असते. जनाबाईंच्या जात्याला दुसरा हात पांडुरंगाचा होता. तो दळू लागला, त्याने केराची पाटी उचलली, पाणी भरले, डोक्यावरून न्हाऊ घातले, असे एकेक उपकार त्या नावानिशी सांगतात. त्यांची कृतज्ञता अशी रोजच्या एकेका कामाशी जोडलेली होती, आणि त्या स्मरणातूनच दुसऱ्या दिवशीच्या पहाटे उठण्याचे बळ त्यांना मिळत असे.

ही कृतज्ञता लाचारी मात्र नव्हती. देव भेटीस विलंब लावी तेव्हा जनाबाई त्याच्याशी हक्काने भांडल्या, त्याला रागाने बोलल्या. स्त्रीजन्म लाभला म्हणून खंत करीत बसू नये, असा धीर त्यांनी स्वतःला दिला. दासीपण त्यांनी लपविले नाही. उलट नामयाची दासी हीच आपली ओळख अभंगांत मिरविली.

त्यांच्यावर कठीण प्रसंगही आला, अशी आख्यायिका आहे. विठ्ठलाच्या गळ्यातील रत्नपदक जनाबाईंच्या झोपडीत सापडले, चोरीचा आळ आला व त्यांना चंद्रभागेच्या वाळवंटी सुळावर देण्याचे ठरले. त्यांनी विठ्ठलाचा धावा केला आणि सुळाचे पाणी झाले. कथेतील चमत्कार श्रद्धेचा विषय आहे. परंतु चोरी झाली की संशय प्रथम घरच्या गड्यामाणसांवर जातो, हे त्यातील सत्य आजही विचार करावयास लावणारे आहे.

औपचारिक विद्येची संधी नसलेल्या या स्त्रीच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. ज्ञानेश्वर, नामदेव, गोरोबा, चोखोबा, सेना या समकालीन संतांविषयीही त्यांनी प्रेमाने लिहिले. शके १२७२ म्हणजे इ. स. १३५० मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांच्या परिवारासह त्या समाधिस्थ झाल्या, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. पंढरपूरजवळील गोपाळपूर येथे त्यांचे जाते दाखविले जाते, तर गंगाखेड येथे गोदातीरी त्यांचे मंदिर आहे.

दर्शनास येणाऱ्या भाविकांनी जनाबाईंपुढे हात जोडताना एक गोष्ट अवश्य स्मरावी. अन्नदानासाठी धान्य देणारा दाता जेवढा वंदनीय, तेवढेच ते धान्य निवडणारे, शिजविणारे व पंगत उठल्यावर जागा झाडणारे हातही वंदनीय होत. घरी परतल्यावर आपल्यासाठी रोज राबणाऱ्या माणसांना नावाने हाक मारून दोन गोड शब्द बोलावेत. आणि स्वतःच्या वाट्याचे जाते जड वाटू लागेल त्या दिवशी, आजवर कोणाकोणाचा हात आपल्या खुंट्याला लागला, ते एकेक करून आठवावे. जनाबाईंनी हेच केले व आयुष्यभराचे दळण हसतमुखाने सरविले.