फजल अली आणि आमचा कोरपना

आम्ही कोरपनेकर आज चंद्रपूर जिल्ह्याचे. पण 1956 पर्यंत हा राजुरा भाग हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. हा बदल सांगताना मरहूम सय्यद फजल अली यांचं नाव घ्यावंच लागतं.

1886 चा जन्म, बिहारचे. पाटणा हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती, मग सुप्रीम कोर्टात. 1950 च्या गोपालन खटल्यात स्थानबद्धतेच्या कायद्याविरुद्ध त्यांनी बहुमताहून वेगळा निकाल दिला.

सप्टेंबर 1953 मध्ये मराठी नेत्यांनी एकत्र बसून नागपूर करार केला. त्याच डिसेंबरात केंद्राने राज्य पुनर्रचना आयोग फजल अलींकडे सोपवला. 1955 च्या अहवालात वेगळा विदर्भ सुचवला होता. दिल्लीतल्या वाटाघाटींत तो मागे पडला आणि द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. राजुरा आधी नांदेडला, 1959 मध्ये चांद्याला जोडला गेला. त्याच वर्षी आसामचे राज्यपाल असताना फजल अलींचा इंतकाल झाला.

आयोगाची एक शिफारस मात्र टिकली: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून. त्यातूनच राज्यघटनेत कलम 350 अ आलं. गावातली उर्दू शाळा बंद पडायची वेळ आली तर आम्हाला हेच कलम दाखवावं लागेल. त्यासाठी ते आधी घरोघरी माहीत हवं.