दोनदा मोडलेला डाव

हरत चाललेल्या संघाने आपले नामांकित खेळाडू विकून पुन्हा पायापासून बांधणी करावी, की त्याच खेळाडूंना धरून तग धरावा, हा वाद अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये दर हिवाळ्यात निघतो. सामने संपलेले असतात, देवघेवीचा बाजार उघडलेला असतो आणि गावोगावचे रसिक संघाच्या मालकाला शिव्या घालत असतात. या वादात फिलाडेल्फियाच्या कॉनी मॅकचे नाव आल्याशिवाय राहत नाही. मॅकची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. त्याने हरणारा संघ मोडलाच नाही. मोडला तो जिंकणारा, आणि तोही दोनदा.

मला बेसबॉलचे बारकावे फारसे कळत नाहीत. या माणसाकडे मी ओढला गेलो तो हिशेबाच्या वाटेने. बँकेत कर्जखाते सांभाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची. अडचणीत आलेला माणूस सगळ्यात आधी सगळ्यात चांगली वस्तू विकतो, कारण गिऱ्हाईक तिलाच असते. मोडकी खुर्ची कोण घेणार?

मॅकचे खरे नाव कॉर्नेलियस मॅकगिलिकडी. आईबाप आयर्लंडहून आलेले. जन्म २२ डिसेंबर १८६२ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्ट ब्रुकफील्डचा. पोरवयातच तो जोड्यांच्या कारखान्यात कामाला लागला. उंच, काटकुळा, हाडापेराने मजबूत. तो कॅचर झाला, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा. १८९० मध्ये खेळाडूंनी मालकांविरुद्ध बंड करून स्वतःची लीग काढली, तेव्हा मॅकने बफेलोच्या संघात गाठीची पुंजी घातली. लीग एका हंगामात बुडाली, पुंजीही गेली. बंडाचे कारण होते करारातले एक कलम. त्या कलमामुळे खेळाडू एकदा ज्या मालकाचा झाला, त्याचाच राहत असे. मालकाने विकले तर जायचे, स्वतःहून मात्र हलायचे नाही. हे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढचा सारा व्यवहार त्याच्याच आधाराने झाला, आणि करणारा होता त्याच बंडातला हा शिपाई!

१९०१ मध्ये नवी अमेरिकन लीग उभी राहिली आणि मॅक फिलाडेल्फियाच्या अ‍ॅथलेटिक्स संघाचा व्यवस्थापक व भागीदार झाला. मोठा वाटा बेन शाइब या बेसबॉलचे साहित्य बनवणाऱ्या कारखानदाराचा. त्याच गावातल्या जुन्या लीगच्या संघातून मॅकने लाजॉय हा नामी फलंदाज जास्त पगार देऊन पळवला. न्यूयॉर्कचा व्यवस्थापक मॅकग्रॉ याने हा नवा संघ म्हणजे पांढरा हत्ती ठरणार, अशी टर उडवली, तर मॅकने पांढरा हत्ती हेच संघाचे चिन्ह करून टाकले. हे मला आवडते.

तो गणवेश कधी घालत नसे. ताठ कॉलर, टाय, सूट अशा थाटात बाकावर बसायचा आणि हातातले गुणपत्रक हलवून क्षेत्ररक्षकांना इकडे-तिकडे सरकवायचा. खेळाडू त्याला मिस्टर मॅक म्हणत. कॉलेजात शिकलेली पोरे हेरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कोलंबिया विद्यापीठातला एडी कॉलिन्स, होली क्रॉस कॉलेजातला जॅक बॅरी हे त्याचेच शोध. त्यांना फ्रँक बेकर आणि मॅकिनिस येऊन मिळाले आणि या चौघांची लोकांनी किंमत लावली एक लाख डॉलर. १९१०, १९११ आणि १९१३ या तिन्ही वर्षी अ‍ॅथलेटिक्सने वर्ल्ड सीरिज जिंकली. १९१४ मध्ये ९९ सामने जिंकून संघ पुन्हा अंतिम लढतीला गेला आणि बोस्टन ब्रेव्हजकडून सरळ चार सामन्यांत हरला.

इथे पहिली मोडतोड झाली. त्या वर्षी फेडरल लीग नावाचा तिसरा दावेदार बाजारात उतरला होता. तो दुप्पट-तिप्पट पगाराची लालूच दाखवत होता. संघात त्यावरून दोन तट पडलेले, आणि सतत जिंकूनही प्रेक्षक घटलेले. रोजरोज पुरणपोळी झाली की तिचेही कौतुक उरत नाही, त्यातलाच प्रकार. मॅकने प्लँक आणि बेंडर या मुरलेल्या गोलंदाजांना मोकळे केले. कॉलिन्सला ५० हजार डॉलरला शिकागोला विकले. बेकर पगारावरून अडून बसला, वर्षभर खेळलाच नाही आणि मग न्यूयॉर्कला विकला गेला. बॅरी बोस्टनला गेला.

इथवर समजू शकते. पगार झेपत नाहीत, माणसे जाणारच आहेत, तर चार पैसे करून घ्यावेत. पण १९१५ च्या मध्यावर मॅकने हर्ब पेनॉक या २१ वर्षांच्या डावखुऱ्या गोलंदाजालाही सोडून दिले. तोच पुढे न्यूयॉर्क यांकीजचा आधार झाला आणि मरणोत्तर का होईना, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. नवी बांधणी करणारा माणूस म्हातारे बैल विकतो आणि खोंड राखतो. खोंडही बाजारात नेला, तर ती बांधणी म्हणावी की वैताग? माझ्या मते १९१४-१५ च्या व्यवहारात हिशेबाइतकाच राग होता. खेळाडू जास्त पैशाकडे ओढले जातात याचा राग, आणि तोही लाजॉयला पळवणाऱ्या माणसाला.

परिणाम भयंकर झाला. १९१५ मध्ये १०९ पराभव. १९१६ मध्ये ३६ विजय आणि ११७ पराभव. विजयाचे इतके हलके प्रमाण १९०१ नंतर मोठ्या लीगमध्ये आजपर्यंत दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेले नाही. संघ सलग सात वर्षे तळाला राहिला.

आजच्या वाचकाला वाटेल, तळाला राहण्यात काही फायदा असेल. आज तो असतो. १९६५ पासून होतकरू पोरांची निवड क्रमाने होते आणि ढोबळमानाने जो तळाला त्याला आधी संधी मिळते. ह्यूस्टनच्या संघाने २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे शंभराहून अधिक सामने हरून, त्या जोरावर पोरे जमवून २०१७ मध्ये विजेतेपद मिळवले (त्या विजेतेपदाला पुढे खुणा चोरल्याचा डाग लागला, तो भाग वेगळा). मुद्दाम हरण्याला आळा बसावा म्हणून आता पहिल्या काही निवडींसाठी सोडत काढतात. मॅकच्या काळी यातले काहीच नव्हते. तळ म्हणजे नुसता तळ.

तरीही तो वर आला, ही त्याची खरी कर्तबगारी. पैसे साठवून त्याने छोट्या लीगमधून एकेक माणूस आणला. बाल्टिमोरच्या जॅक डनला १ लाख ६०० डॉलर मोजून लेफ्टी ग्रोव्ह हा तुफानी गोलंदाज घेतला. अल सिमन्स, मिकी कॉक्रेन आणि कोवळ्या वयाचा जिमी फॉक्स आले. १९२९ मध्ये १०४ विजय. वर्ल्ड सीरिजच्या चौथ्या सामन्यात, १२ ऑक्टोबरला, शिकागो कब्ज ८-० ने पुढे असताना सातव्या इनिंगमध्ये अ‍ॅथलेटिक्सने दहा धावा केल्या. विजेतेपद मिळाले. १९३० मध्ये पुन्हा मिळाले, १९३१ मध्ये सातव्या सामन्यात हुकले.

पण १९२९ च्या त्या विजयानंतर दोन-अडीच आठवड्यांतच शेअर बाजार कोसळला होता. फिलाडेल्फिया हे गिरण्या-कारखान्यांचे गाव. कामगाराच्या हाती पैसा नाही, तर मैदानावर कोण येणार? १९२९ मध्ये सुमारे ८ लाख ४० हजार प्रेक्षक आले होते. १९३३ मध्ये तीन लाखही आले नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या कायद्यामुळे रविवारी सामना भरवता येत नसे. ती बंदी १९३४ च्या हंगामाला उठली, पण तोवर उशीर झाला होता. यांकीजच्या मालकाची दारूभट्टी होती, बोस्टनच्या नव्या मालकाला गडगंज वारसा मिळाला होता. मॅकचा धंदा बेसबॉल आणि फक्त बेसबॉल, आणि डोक्यावर बँकेचे कर्ज.

१९३२ मध्ये सिमन्ससह तिघे एक लाखाला शिकागोला गेले. पुढच्या वर्षी ग्रोव्ह आणि आणखी दोघे सव्वा लाखाला बोस्टनला, कॉक्रेन एक लाखाला डेट्रॉइटला. १९३२ मध्ये ५८ होमरन मारणारा फॉक्स १९३५ मध्ये एका जोडीदारासह दीड लाखाला बोस्टनला. या चार व्यवहारांचीच बेरीज पावणेपाच लाख डॉलर होते.

या खेपेला मी मॅकला दोष देत नाही. १९१४ मध्ये त्याला पर्याय होते. १९३३ मध्ये बँकेचा माणूस दाराशी होता, आणि असा माणूस दाराशी असला की काय होते हे टेबलाच्या त्या बाजूला बसून मी पाहिले आहे. माझा आक्षेप पुढचा आहे. पहिल्या वेळचा पैसा सावकाश का होईना, नव्या पोरांत गेला. या वेळचा देणी भागवण्यात आणि तोटा भरण्यात मुरला. पेरणीचे बियाणे दळून खाल्ले, तर पुढच्या मृगाला रानात काय टाकणार? शिवाय जगही बदलले होते. सेंट लुइसच्या ब्रँच रिकीने छोट्या लीगमधले संघच पंखाखाली घेऊन स्वतःच्या रोपवाटिका तयार केल्या होत्या. डनसारख्या सुट्या व्यापाऱ्याकडून तयार खेळाडू घेण्याचे दिवस सरत आले होते. मॅकने सत्तरी ओलांडली होती, आणि त्याला हटवणारे कुणी नव्हते, कारण मालकांत तोच होता. पहिल्या पडझडीतून त्याला वाचवले ते याच गोष्टीने. दुसऱ्या वेळी हीच संघाला भोवली.

१९३५ मध्ये शाइब पार्कच्या उजव्या बाजूची भिंत उंच करण्यात आली, कारण विसाव्या रस्त्यावरच्या घरांच्या गच्चीतून लोक फुकट सामने पाहत. शेजाऱ्यांनी ते कधी विसरले नाही. १९३५ ते १९४६ या बारा वर्षांत संघ नऊ वेळा तळाला गेला. शेवटच्या वर्षांत मॅक बाकावर बसून कधीच विकून टाकलेल्या फॉक्सला फलंदाजीला बोलवत असे, असे सांगतात. खरे-खोटे देव जाणे.

१९५० चा हंगाम संपल्यावर, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्याने व्यवस्थापकपद सोडले. पन्नास हंगाम एकाच संघाचे. रॉय आणि अर्ल या थोरल्या दोन मुलांनी इतर भागीदारांचे वाटे विकत घेण्यासाठी मोठे कर्ज काढले होते. ते फिटेना. १९५४ च्या अखेरीस संघ विकला गेला आणि पुढच्या वर्षी कॅन्सस सिटीत खेळू लागला. तिथून १९६८ मध्ये तो ओकलंडला गेला. २०२५ पासून तो सॅक्रामेंटोलगतच्या एका छोट्या मैदानावर लास व्हेगासच्या वाटेकडे डोळे लावून खेळतो आहे. पांढरा हत्ती अजून त्याच्याबरोबर आहे. कॉनी मॅक ८ फेब्रुवारी १९५६ रोजी फिलाडेल्फियात वारला. त्याच्या नावावर तेव्हा ३,७३१ विजय होते आणि ३,९४८ पराभव.