शेठजींनी न पाहिलेली गाडी

अंबरनाथच्या एखाद्या जुन्या बैठ्या घराच्या आवारात, उल्हासनगरच्या एखाद्या बराकीच्या बोळात, बदलापूरच्या सोसायटीत जिन्याखालच्या कोपऱ्यात ताडपत्री पांघरून बसलेली फियाट अजूनही अधूनमधून दिसते. आजोबांनी किंवा वडिलांनी घेतलेली. विकायला मन होत नाही आणि रस्त्यावर काढायला हिंमत होत नाही, अशा अवस्थेत तिची वर्षं चाललेली असतात. मग एखाद्या रविवारी घरातला कुणी तरी बाह्या सरसावतो, ताडपत्री ओढतो आणि बॉनेट उघडतो. त्या क्षणी, त्याला ठाऊक असो वा नसो, तो एका फार मोठ्या माणसाच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाला हात घालत असतो. तो माणूस म्हणजे शेठ वालचंद हिराचंद. गंमत अशी, की ज्या गाडीमुळे त्यांच्या कारखान्याचं नाव घरोघरी गेलं, ती गाडी त्यांनी स्वतः कधी पाहिलीच नाही.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं गुजराती बोलणाऱ्या दिगंबर जैनांचं; धंदा सावकारीचा आणि कापसाचा. महाविद्यालयाचं शिक्षण अर्धवट सोडून ते पेढीवर बसले. पण गादीवर बसून व्याज मोजणं त्यांच्या प्रकृतीत नव्हतं. रेल्वेतल्या लक्ष्मणराव फाटक नावाच्या माजी कारकुनाशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे या छोट्या फाट्याचं कंत्राट घेतलं. एकाकडे भांडवल, दुसऱ्याकडे कामाची माहिती. फाटक आणि वालचंद ही जोडी पुढे मोठमोठी कामं घेऊ लागली.

आपल्या भागाशी त्यांचा संबंध इथूनच सुरू होतो. बदलापूरहून कर्जतकडे आणि पुढे खंडाळ्याकडे जाताना गाडी बोगद्यात शिरते आणि मुलं ओरडतात. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं एक मोठं काम १९२० च्या दशकात वालचंदांच्या बांधकाम कंपन्यांनी केलं. तानसाचं पाणी मुंबईला नेणाऱ्या नळांच्या कामातही ते होते. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली.

पण वालचंदांचं नाव देशभर झालं ते जहाजामुळे. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची जवळजवळ सगळी वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होती. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं ‘लॉयल्टी’ नावाचं जहाज विकाऊ होतं. नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना बरोबर घेऊन वालचंदांनी ते विकत घेतलं, सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून इंग्लंडकडे निघालं. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून सिंधियाला जेरीस आणलं. १९२३ मध्ये तडजोड झाली ती जाचकच होती. पण कंपनी बुडली नाही. आपल्याकडे जहाज आहे, पण ते बांधणारी गोदी आपली नाही, हे मात्र त्यांच्या मनात रुतून बसलं.

पुढची तीस वर्षं हा माणूस हेच करत राहिला. जी वस्तू बाहेरून आणावी लागते, ती इथे का करता येऊ नये? मालेगावजवळ रावळगावला माळरान घेऊन त्यांनी ऊस लावला, १९३३ मध्ये साखर कारखाना काढला. आपल्या लहानपणी खिशात चिकटून बसणाऱ्या रावळगावच्या गोळ्या तिथल्याच. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसलं. १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर सरकारच्या साथीने बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला. त्याची कथा तर कादंबरीत शोभावी अशी : अमेरिकेहून परतताना विमानात विल्यम पॉली नावाचा विमानांचा व्यापारी भेटला, आणि प्रवासातल्या गप्पांतून कारखान्याची कल्पना निघाली. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते गोदीची कोनशिला बसली, आणि १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ पाण्यात उतरली.

विमानाची कल्पना ज्या दौऱ्यानंतर निघाली, तो दौरा खरं तर मोटारीसाठी होता. मोटार इथे तयार करायची योजना सर विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकातच आखली होती, मुंबईचं काँग्रेस मंत्रिमंडळही अनुकूल होतं. वालचंद अमेरिकेत फोर्डकडे गेले. तिथे जमलं नाही. क्रायस्लरशी १९४० मध्ये करार झाला. पण दिल्लीच्या सरकारला महायुद्धाच्या धामधुमीत हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना नको होता. यंत्रं आणायला परवानगी नाही, प्रोत्साहन नाही. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे प्रस्ताव वाचले आहेत. ज्या प्रस्तावाला सरकारचा पाठिंबा नाही, यंत्र कधी येईल याचा भरवसा नाही, आणि बाजारात परदेशी माल तयार आहे, त्यावर कुठलाही अधिकारी काय शेरा मारील हे सांगायला नको. वालचंद मात्र थांबले नाहीत. १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहनं बाहेर पडली : क्रायस्लरच्या घराण्यातली डॉज आणि डिसोटो, तीही बहुतांशी सुटे भाग जोडून केलेली.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी ते कारभारातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी जकात आयोगाचा अहवाल आला : नुसत्या जोडणीवर भागणार नाही, भाग इथेच करण्याचा कार्यक्रम हवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी इथली जोडणी बंद केली. प्रीमिअर टिकली. इटलीच्या फियाटशी तिने संबंध जोडला होता, आणि १९५४ मध्ये फियाट ११०० कुर्ल्यातून निघू लागली. शेठजींना जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

ती पहिली गोलमटोल गाडी लोकांनी डुक्कर फियाट म्हणून ओळखली. तिची पुढची दारं उलटी उघडत. नंतर रूप बदलत गेलं, १९६४ ची डिलाइट आली, १९७४ पासून तिचं नाव प्रीमिअर पद्मिनी झालं. तिच्यासाठी पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. स्पर्धाच नव्हती, म्हणून गाडी फारशी सुधारलीही नाही, हे मान्य करायला हवं. कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-शीळ रस्त्यावर, आपल्या अगदी शेजारी होता. तिथे ११८ एनई झाली, नंतर फ्रेंच प्यूजो आली आणि १९९७ मध्ये निघून गेली. कामगारांचे संप, टाळेबंदी यांची झळ या पट्ट्यातल्या कितीतरी घरांना बसली. आज कुर्ल्याच्या आणि डोंबिवलीच्या जागेवर निवासी इमारती आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली.

मग उरलं काय? विमानांचा कारखाना सरकारने १९४२ मध्येच घेतला, गोदी नंतर घेतली, सिंधिया इतिहासजमा झाली. पण कोपऱ्यातली ती ताडपत्रीखालची गाडी उरली. आणि ती उरली याचं कारण अगदी साधं आहे : ती घरी उघडता येते. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्ब्युरेटर, एक डिस्ट्रिब्युटर. संगणक नाही, सेन्सर नाही. प्लग काढून पाहिला की तो सांगतो : काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला असेल तर कमी. पॉइंट्स घासून त्यांतली फट पट्टीने मोजून लावली, कन्डेन्सर बदलला, की निम्म्या तक्रारी संपतात.

खरी लढाई गंजाशी असते, आणि आपल्या उल्हास खोऱ्यातल्या पावसात ती चार महिने चालते. फियाटला वेगळी चासी नाही. अंगाचा पत्राच सगळा भार पेलतो. म्हणून तळाचा पत्रा किंवा दाराखालची पोकळ पट्टी सडली असेल, तर वरून लांबी भरून रंग देणं म्हणजे पडक्या भिंतीला चुना फासणं. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगनं जोडावा लागतो, आणि कापण्याआधी गाडीला नीट टेकू द्यावे लागतात, नाहीतर दारं नंतर बसत नाहीत. पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीस हवं. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा पितं, म्हणून दोनेक वर्षांनी ते बदलायला हवं. आणि दर आठवड्याला नुसतं स्टार्टर मारून बंद करू नये. वीसेक मिनिटं चालवून इंजिन नीट तापू द्यावं, म्हणजे आतला ओलावा उडून जातो.

एखादा बुश, एखादी पिन बाजारात मिळाली नाही, तर या पट्ट्यात फार लांब जावं लागत नाही. अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, औद्योगिक वसाहत; बदलापूरलाही औद्योगिक वसाहत. लेथवर हात बसलेल्या माणसांची इथे वाण नाही. आणि उल्हासनगर तर निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं गाव. समोर ठेवलेली वस्तू पाहून तशीच दुसरी करून देणं हा तिथला हातखंडा. जुनी पिन कापडात गुंडाळून घेऊन जावं, मापाची नवी करून आणावी. मोटारीचे भाग इथेच व्हायला हवेत हा शेठजींचा हट्ट अशा छोट्या खोपटातल्या लेथवर आजही पुरा होतो.

अर्थात वाट सोपी नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढलं. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद मिळते. पण मग ती रोजच्या कामाला वापरता येत नाही. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्या आहेत. प्रदूषणाचा प्रश्न खोटा नाही, प्रत्येक जुनी गाडी वाचवलीच पाहिजे असंही नाही. ज्या घराला वेळ, जागा आणि थोडी हौस आहे, त्याने मात्र भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा तळाचा पत्रा ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर गाडीत अजून जीव आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते, जुने रबरी पाइप फुगतात, ठिसूळ होतात. पेट्रोलचे पाइप आणि कार्ब्युरेटरची गॅस्केट्स इथेनॉलला टिकतील अशी बदलून घेणं हाच उपाय. हे इथेनॉल येतं मोठ्या प्रमाणात उसापासून. ज्या शेठजींनी रावळगावच्या माळावर ऊस उभा केला, त्यांच्याच कारखान्याच्या गाडीला आज तो ऊस चावतो आहे. वालचंदांना हे कळतं, तर ते हळहळत बसले नसते. असं चिवट रबर इथे कुठे तयार होतं, आणि होत नसेल तर का होत नाही, याची चौकशी त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केली असती.

देशात वस्तू तयार होणं ही स्वावलंबनाची अर्धी बाजू. ती वस्तू बिघडल्यावर आपल्या हातांनी दुरुस्त करता येणं ही उरलेली अर्धी. पहिल्या बाजूसाठी वालचंदांसारखा हिमतीचा माणूस लागतो, आणि असे शतकात थोडेच होतात. दुसऱ्या बाजूला एक पान्यांचा संच, एक ग्रीस गन आणि रविवारची सकाळ पुरते. बॉनेटखाली वाकलेल्या बापाला टॉर्च धरून उभ्या असलेल्या मुलीला त्या सकाळी जे कळतं, ते कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाही.