बिअरवाल्याचं पोरगं म्हणून शास्त्रज्ञांनी मनावर घेतलं नाही, आज जगभरातली ऊर्जा त्याच्याच नावाने मोजतात

युरोप-अमेरिकेत घरच्या घरी बिअर बनवणाऱ्या हौशी लोकांचा एक वाद कधी संपत नाही. पातेलं केवढं घ्यायचं आणि त्याच्याखाली आच कसली लावायची? गॅसची शेगडी बरी की विजेची कॉइल?

वरवर हा किरकोळ वाद वाटतो, पण तयार अर्क न वापरता थेट धान्यापासून बिअर करायची तर सगळा खेळ आचेवरच असतो. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडायची आणि साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायची. त्यात धान्यातल्या स्टार्चची साखर होते. पाणी जास्त तापलं तर हे काम करणारी एन्झाइम्स मरतात, थंड राहिलं तर ती नीट काम करत नाहीत. त्यानंतर ते सगळं पाणी गाळून खळाखळा उकळायचं. २० लिटर बिअर हवी असेल तर भांडं ३० लिटरच्या पुढचं लागतं, कारण फेस उतू जातो.

आता एवढं पाणी तापवायला किती ऊर्जा लागेल, याचा हिशोब करायला बसलं की एक नाव येतंच. ज्यूल.

शाळेच्या पुस्तकात हे नाव सगळ्यांनी वाचलंय. पण ज्यूल हा माणूस मुळात बिअरच्या धंद्यातला होता, हे फार कमी लोकांना माहिती असतं.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल. जन्म २४ डिसेंबर १८१८, इंग्लंडमधल्या मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड गावात. वडील बेंजामिन ज्यूल हे तिथले बडे ब्रुअरीवाले. घरी पैसा भरपूर, पण पोरगं लहानपणापासून नाजूक. पाठीच्या कण्याचं दुखणं होतं, त्यामुळे शिक्षण घरीच झालं. तो कॉलेजात कधी शिकला नाही, की पुढे कुठे प्राध्यापकही झाला नाही.

पण एका बाबतीत नशीब जोरावर होतं. १८३४ च्या सुमाराला वडिलांनी जेम्सला आणि त्याच्या थोरल्या भावाला शिकवणीला पाठवलं ते थेट जॉन डाल्टनकडे. अणुसिद्धांत मांडणारा तोच डाल्टन. १८३७ मध्ये डाल्टन आजारी पडला आणि शिकवणी थांबली. तोवर पोराला प्रयोगांचं वेड लागलं होतं.

दिवसा ब्रुअरीचं काम आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असा त्याचा दिनक्रम सुरू झाला.

आता झालं असं की, त्या काळात ब्रुअरीतली यंत्रं वाफेवर चालायची आणि वाफेला कोळसा लागायचा. विजेची मोटर तेव्हा नुकतीच आली होती. ज्यूलच्या डोक्यात साधा धंद्याचा प्रश्न आला. वाफेचं इंजिन काढून विजेची मोटर बसवली तर परवडेल का? वयाच्या १९ व्या वर्षी तो मोटरी बनवायला लागला आणि हिशोब मांडायला लागला. तेव्हा वीज बॅटरीतून यायची आणि बॅटरीत जस्त खर्ची पडायचं. उत्तर निराशाजनक आलं. एक पौंड कोळशातून जितकं काम निघतं, त्याच्या कितीतरी कमी काम एक पौंड जस्तातून निघत होतं. वर जस्त महाग. धंदा म्हणून ही कल्पना बाद झाली.

पण या खटाटोपात त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. तारेतून वीज गेली की तार तापते. किती तापते, ते तो मोजत बसला. १८४० च्या आसपास त्याला नियम सापडला. करंट दुप्पट केला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. आज पाण्याचा हिटर, गिझर, इस्त्री आणि बिअरच्या पातेल्यातली विजेची कॉइल याच नियमावर चालते. तेव्हा रॉयल सोसायटीने मात्र त्याच्या निबंधाचा फक्त सारांश छापला.

पुढचा प्रश्न याहून मोठा होता. ही उष्णता येते कुठून?

त्या काळात बहुतेक शास्त्रज्ञ मानायचे की उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे. तो गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहतो, पण नव्याने तयार होत नाही आणि नष्टही होत नाही. ज्यूलचं म्हणणं वेगळं होतं. काम खर्च झालं की उष्णता तयार होते, आणि अमुक इतक्या कामाची अमुक इतकीच उष्णता होते. १८४३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत त्याने हे मांडलं. सभेत कुणी फारशी दखल घेतली नाही.

मग त्याने तो प्रसिद्ध प्रयोग हाती घेतला. एका भांड्यात पाणी, पाण्यात फिरणारी पाती, आणि पात्यांना दोरीने जोडलेली दोन वजनं. वजनं खाली आली की पाती फिरणार, पाणी घुसळलं जाणार आणि घुसळल्याने ते तापणार. नंतरच्या सुधारित प्रयोगात प्रत्येकी सुमारे १३ किलोची वजनं साधारण १.६ मीटर खाली सोडायची, आणि हे २० वेळा करायचं. एवढं सगळं करून सहा-साडेसहा लिटर पाणी तापायचं किती? एक अंश सेल्सिअसचा जेमतेम तिसरा हिस्सा.

इथेच लोकांचा विश्वास बसेना. इतका बारीक फरक कुणी मोजू शकतो का? पण ज्यूल वाढला होता अशा धंद्यात, जिथे दोन-चार अंश इकडे तिकडे झाले की अख्खा घाणा वाया जातो. थर्मामीटर त्याच्या हातातलं रोजचं अवजार होतं. मँचेस्टरचा नामी कारागीर जॉन बेंजामिन डान्सर याच्याकडून त्याने अतिशय नाजूक थर्मामीटर करून घेतले. प्रयोगासाठी जागा निवडली ती प्रशस्त तळघराची, कारण तिथलं तापमान फारसं हलत नाही.

१८४७ च्या जून महिन्यात ऑक्सफर्डला पुन्हा सभा भरली. अध्यक्षांनी ज्यूलला थोडक्यात आटपायला सांगितलं. विषय तिथेच संपला असता. पण ग्लासगोच्या एका तरुण प्राध्यापकाने त्यात रस घेतला. त्याचं नाव विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ज्यूलचं अमेलिया ग्राइम्सशी लग्न झालं आणि जोडपं आल्प्सच्या सफरीला निघालं. तिथे थॉमसनला ते अचानक भेटले, तेव्हा ज्यूलच्या हातात मोठा थर्मामीटर होता, असं थॉमसनने पुढे सांगितलं. गड्याला धबधब्याच्या वरचं आणि खालचं तापमान मोजायचं होतं. १०० मीटरवरून पडलेलं पाणी हिशोबाने जेमतेम पाव अंश तापतं. पण पाण्याचे तुषारच इतके उडत होते की मोजमाप काही जमलं नाही.

जग मात्र हळूहळू त्याच्या बाजूने वळलं. जर्मनीतला डॉक्टर युलियुस रॉबर्ट मायर यानेही १८४२ मध्येच असाच विचार मांडला होता, त्यामुळे श्रेय कुणाचं यावर पुढे वादही झाला. पण प्रयोगावर प्रयोग करून आकडा पक्का केला तो ज्यूलने. १८५० मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, १८७० मध्ये त्याला कोपली पदक मिळालं. थॉमसनबरोबर त्याने वायूंवर केलेलं काम पुढे वायू थंड करून द्रवरूप करायच्या तंत्रात वापरलं गेलं.

घरचं सुख मात्र टिकलं नाही. १८५४ मध्ये अमेलिया वारली आणि मागे दोन लहान मुलं राहिली. ब्रुअरीही विकली गेली. पुढे तब्येत ढासळली, पैसा आटला. कधीकाळचा श्रीमंत ब्रुअरीवाला १८७८ पासून सरकारच्या वर्षाला २०० पौंड पेन्शनवर जगत होता.

१८८९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला जगभरचे विद्युततज्ज्ञ जमले आणि त्यांनी ऊर्जेच्या एककाला ज्यूलचं नाव दिलं. त्यानंतर सहाच आठवड्यांत, ११ ऑक्टोबर १८८९ रोजी ज्यूल गेला. सेल गावाजवळच्या त्याच्या थडग्यावर एक आकडा कोरलाय, ७७२.५५. एक पौंड पाणी एक अंश फॅरेनहाइटने तापवायला किती फूट-पौंड काम लागतं, त्याचा हा आकडा.

आता परत त्या पातेल्याकडे येऊ. २० लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ६३ लाख ज्यूल लागतात. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे झाले पावणेदोन युनिट. २००० वॅटची कॉइल पाण्यात बुडवली तर निदान ५२ मिनिटं लागणार. भांडं उघडं असेल तर आणखी वेळ, कारण वाफ आणि भांड्याच्या कडा उष्णता पळवतात. गॅसवर तर बरीचशी आच भांड्याच्या बाजूने निघून जाते, म्हणून तिथे रुंद बुडाचं पातेलं फायद्याचं ठरतं.

बाथरूममधल्या बादलीत हिटर लावला तरी गणित हेच असतं. ते मांडून दिलं पदवी नसलेल्या एका बिअरवाल्याने.