चित्रकार झोफनी आणि कलकत्त्याचे प्रभुभोजन

कलकत्त्याच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये प्रभू येशूच्या शेवटल्या भोजनाचे एक भव्य तैलचित्र आहे. ते रंगविणारा योहान झोफनी १७३३ साली जर्मनीत फ्रँकफर्टजवळ जन्मला. त्याचे वडील एका राजघराण्याच्या पदरी लाकूडकाम करीत. रेगेन्सबर्ग येथे ज्या गुरूपाशी तो चित्रकला शिकला, तो स्वतः नेपल्सच्या सोलिमेनाचा शिष्य होता. पुढे झोफनी रोमलाही गेला. तात्पर्य, बरोक काळातील वेदीचित्रांची भाषा त्याला मुळातूनच अवगत होती.

या भाषेत एकही वस्तू उगीच ठेवलेली नसते. भोजनाच्या मेजाजवळ पाण्याचे पात्र दिसले की पाय धुण्याचा प्रसंग स्मरावा. तलवार दिसली की गेथशेमाने बाग आणि मल्खाचा कान आठवावा. हातात पैशांची थैली असलेला शिष्य कोण, हे तर सांगावयासच नको. निरक्षर उपासकालाही शुभवर्तमान वाचता यावे, अशी ही योजना होती.

१७६० साली झोफनी लंडनला आला. आरंभी घड्याळांच्या तबकड्या रंगविणारा हा मनुष्य काही वर्षांतच तिसऱ्या जॉर्जचा आवडता चित्रकार झाला. परंतु चित्रात ओळखीची माणसे घुसविण्याची खोड त्याला नडली. राणीने फ्लॉरेन्सच्या कलादालनाचे चित्र काढावयास पाठविले, तर त्यात त्याने तेथे आलेल्या इंग्रज प्रवाशांची गर्दी केली! राणी नाराज झाली, राजाश्रय आटला. आणि १७८३ साली तो नशीब काढावयास हिंदुस्थानात आला.

कलकत्त्यात तेव्हा महाराजा नवकृष्ण देव यांनी दिलेल्या जागेवर नवे चर्च उभे राहत होते. १७८७ साली त्याचे समर्पण झाले. त्याच्या वेदीसाठी झोफनीने हे चित्र दिले. आता त्यातील वस्तू पाहा. पेत्राची तलवार खिळ्याला टांगली आहे, पण ती साध्या शिपायाची तलवार. पाण्याचे पात्र पिकदाणीच्या घाटाचे. आणि शेजारी चक्क भिस्त्याची भरलेली पखाल!

त्या काळच्या एका टीकाकाराला हे फार खटकले. मला ते खटकत नाही. योहानाच्या तेराव्या अध्यायात आपण मराठीत ‘गंगाळ’ वाचतो, तेव्हा आपल्याच न्हाणीघरातील भांडे डोळ्यांपुढे येते, आणि त्यात काही वावगे वाटत नाही. पाय धुणे हे दासाचे काम. त्यासाठी दरबारी झारी शोभलीच नसती. कलकत्त्यात घरोघर पाणी वाहणारा भिस्ती होता. प्रभूने त्या रात्री कोणाचे काम अंगावर घेतले, हे ती पखाल पाहून त्या शहरातील माणसाला पटकन कळले असेल.

चेहऱ्यांची गोष्ट मात्र निराळी. प्रभूच्या चेहऱ्यासाठी पार्थेनियो नावाचे ग्रीक पुरोहित बसले. योहानाला ब्लॅकियर या दंडाधिकाऱ्याचे रूप मिळाले. येथवर ठीक. परंतु यहूदा इस्कर्योत म्हणून झोफनीने टुलो नामक लिलाववाल्याचा चेहरा रंगविला, असे परंपरा सांगते. टुलो संतापला, यात नवल ते काय? ज्याच्या शेजारी बसून भाकर व द्राक्षारस घ्यावयाचा, तोच समोर विश्वासघातकी म्हणून रंगविलेला! वाचकहो, त्या रात्री प्रत्येक शिष्याने तो मी आहे काय, असे विचारले होते. चित्रकाराने त्यांचा प्रश्न सोडून बोट दुसऱ्याकडे वळविले. बरोक काळाचाच रेम्ब्रांट पाहा: वधस्तंभ उभारणाऱ्या मारेकऱ्यांत त्याने स्वतःचा चेहरा घातला होता.

१७८९ साली झोफनी हिंदुस्थान सोडून गेला. त्यानंतर चार वर्षांनी विल्यम केरी कलकत्त्यात उतरले, आणि जवळच्याच श्रीरामपूरहून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापून निघाले. झोफनी १८१० साली वारला. त्याला क्यू येथे पुरले आहे. त्याच्या इंग्लंडातील घराजवळ, ब्रेंटफर्ड येथील चर्चसाठीही त्याने प्रभुभोजन रंगविले. त्यात पेत्राला, म्हणजे कोंबडा आरवण्यापूर्वी प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्याला, त्याने आपला स्वतःचा चेहरा दिला, असे मानतात.

कलकत्त्याचे चित्र हवेने व ओलाव्याने फार खराब झाले होते. २०१० साली त्याची दुरुस्ती पूर्ण झाली. वेदीच्या डाव्या बाजूस ते टांगले आहे. जाल तेव्हा पखाल अवश्य शोधा.