विश्लेषण : अंधाऱ्या लंडनमधील मारेकरी गॅस मास्कमुळे कसा सापडला?

फेब्रुवारी १९४२. दुसरे महायुद्ध सुरू होते आणि जर्मन बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने लंडन रात्रभर काळोखात असे. या काळोखात आठवडाभराच्या आत चार महिलांचे खून झाले. मारेकरी गॉर्डन कमिन्स हा ब्रिटिश हवाई दलातील २७ वर्षांचा सैनिक होता. पुढे ‘ब्लॅकआऊट रिपर’ या नावाने तो कुप्रसिद्ध झाला. तो पकडला गेला, त्याची सुरुवात एका विसरलेल्या वस्तूपासून झाली.

कोण होता कमिन्स?

त्याचा जन्म १८ फेब्रुवारी १९१४ रोजी यॉर्कजवळच्या न्यू इअर्सविक येथे झाला. १९३५ मध्ये तो हवाई दलात भरती झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे लग्न झाले. आपण उमराव घराण्यातले असल्याच्या थापा तो मारत असे. त्यामुळे सहकारी त्याला थट्टेने ‘ड्यूक’ म्हणत. फेब्रुवारी १९४२ च्या सुरुवातीला विमानावरील कामाच्या प्रशिक्षणासाठी त्याला लंडनमधील रीजंट्स पार्कजवळच्या केंद्रात पाठवण्यात आले.

ब्लॅकआऊट म्हणजे काय?

शत्रूच्या विमानांना शहर दिसू नये म्हणून सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये रस्त्यांवरचे दिवे बंद ठेवले जात. घरांच्या खिडक्यांनाही जाड पडदे लावावे लागत. शहरात सैनिकांची सतत ये-जा असे. अशा काळोखात गणवेशातला माणूस दिसला तरी कुणाला संशय येत नसे आणि त्याचा चेहराही नीट दिसत नसे.

त्या आठवड्यात काय घडले?

९ फेब्रुवारीच्या सकाळी मॅरिलबोन भागातील हवाई हल्ल्यापासून बचावाच्या निवाऱ्यात एव्हलिन हॅमिल्टन यांचा मृतदेह सापडला. त्या व्यवसायाने फार्मसिस्ट होत्या. त्यांचा गळा आवळण्यात आला होता आणि पर्समधील पैसे गायब होते. दुसऱ्या दिवशी सोहो भागातील फ्लॅटमध्ये एव्हलिन ओटली मृतावस्थेत आढळल्या. १३ फेब्रुवारीला मार्गारेट लोव आणि डोरिस जुआने यांचे मृतदेह त्यांच्या घरांत सापडले. त्याच आठवड्यात सिंगापूर पडले. युद्धाच्या बातम्यांनी आधीच भरलेल्या वर्तमानपत्रांत या खुनांना मर्यादितच जागा मिळाली.

गॅस मास्क कसा सापडला?

शेवटचे दोन मृतदेह सापडण्याच्या आदल्या रात्री पिकॅडिलीजवळ कमिन्सने एका महिलेचा गळा आवळला. तेवढ्यात त्या गल्लीत कामासाठी आलेल्या एका तरुणाची चाहूल लागली आणि कमिन्स पळाला. पळताना त्याचा गॅस मास्क तिथेच राहिला. त्याच रात्री त्याने आणखी एका महिलेवर हल्ला केला, पण तिने लाथा मारून आणि आरडाओरडा करून जीव वाचवला. सैनिकाला मास्क सोबत बाळगावाच लागे आणि त्यावर त्याचा सेवा क्रमांक असे. पिकॅडिलीत सापडलेल्या मास्कवर ५२५९८७ हा क्रमांक होता. तो कमिन्सचा निघाला.

हजेरीची नोंद खोटी कशी ठरली?

आपला मास्क दुसऱ्या कुणाशी तरी बदलला गेला असावा, असे कमिन्सने सांगितले. बराकीतील नोंदवहीनुसारही तो त्या रात्री वेळेवर परतला होता. मात्र सैनिक एकमेकांची हजेरी लावत आणि नंतर आपत्कालीन जिन्याने बाहेर सटकत, हे चौकशीत उघड झाले. मुख्य निरीक्षक एडवर्ड ग्रीनो यांच्या पथकाला त्याच्या सामानात मृत महिलांच्या वस्तू सापडल्या. मास्कमधील विटा-चुन्याची धूळ हॅमिल्टन यांचा मृतदेह सापडला त्या निवाऱ्यातील धुळीशी जुळली. ओटली यांच्या घरातील टिन ओपनरवर आणि लोव यांच्या घरातील मेणबत्तीच्या स्टँडवर बोटांचे ठसे होते. स्कॉटलंड यार्डचे ठसेतज्ज्ञ फ्रेडरिक चेरिल यांनी ते कमिन्सचेच असल्याचे सिद्ध केले. मारेकरी डावखुरा असावा, असा चेरिल यांचा अंदाज होता. कमिन्स डावखुराच होता.

खटल्यात काय झाले?

इंग्लंडमधील तेव्हाच्या प्रथेनुसार एका वेळी एकाच खुनाचा खटला चालवला जाई. त्यामुळे ओल्ड बेली न्यायालयात फक्त ओटली यांच्या खुनाची सुनावणी झाली. ज्युरींच्या हाती चुकून भलताच पुरावा गेल्याने पहिली सुनावणी थांबवावी लागली. एप्रिल १९४२ मध्येच नव्या ज्युरींसमोर पुन्हा सुनावणी झाली. ज्युरींनी अवघ्या ३५ मिनिटांत त्याला दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती अ‍ॅस्क्विथ यांनी फाशीची शिक्षा सुनावली. कमिन्स शेवटपर्यंत निर्दोष असल्याचे सांगत राहिला आणि त्याच्या पत्नीचाही त्याच्यावर विश्वास होता. अपील फेटाळले गेले. २५ जून १९४२ रोजी वँड्सवर्थ तुरुंगात त्याला फाशी देण्यात आली. ऑक्टोबर १९४१ मधील आणखी दोन खुनांबाबतही पोलिसांना त्याच्यावर संशय होता, पण त्यांचा खटला उभा राहिला नाही.

हे प्रकरण आजही का महत्त्वाचे?

ठशांच्या शास्त्रामुळे कमिन्सचा गुन्हा सिद्ध झाला, म्हणून हे प्रकरण अनेकदा चेरिल यांच्या कौशल्यासाठी सांगितले जाते. पण ते ठसे जुळवायला आधी संशयित हवा होता. तो मिळाला पिकॅडिलीतील महिलेच्या जबाबामुळे आणि तिच्या मदतीला धावलेल्या तरुणाच्या हाती लागलेल्या मास्कमुळे. त्या रात्री वाचलेल्या दोघी महिलांनी पोलिसांना घडलेले सांगितले नसते, तर बराकीच्या नोंदवहीतील खोटी हजेरीच खरी मानली गेली असती.