नाणी तोलता तोलता इतिहासात शिरलेले गोव्याचे गणिती : दामोदर कोसंबी

इतिहासाची पदवी नाही, पुरातत्त्व खात्यात नोकरी नाही, पोटापाण्याचा उद्योग गणित शिकवण्याचा. तरीही प्राचीन भारताचा अभ्यास करायचा म्हटलं की ज्यांचं नाव टाळता येत नाही, ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मले, पुण्यात वारले आणि मधल्या काळात हौसेने दख्खनचे डोंगर पालथे घातले. सुट्टीच्या दिवशी लेणी, गड, जुनी देवळं बघायला बाहेर पडणाऱ्या आपल्यासारख्यांनी या माणसाची ओळख करून घ्यायलाच हवी.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. ज्ञानासाठी घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश हिंडलेले. महाराष्ट्रात राहून काम करावं म्हणून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले आणि कलकत्त्याची जास्त पगाराची नोकरी सोडून ते आले. अशा घरातला हा मुलगा. १९१८ मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेला गेला आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून उत्तम गुणांनी पदवीधर झाला. पुढे बनारस, अलिगढ आणि १९३३ पासून पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज इथे त्यांनी गणित शिकवलं. मग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १६ वर्षं काढली. राहायला पुणे, नोकरीला मुंबई, आणि येण्याजाण्याला डेक्कन क्वीन, असा बराच काळ गेला.

हा गणिताचा माणूस इतिहासाकडे वळला तो नाण्यांमुळे. संख्याशास्त्राचा अभ्यास चालू असताना हात बसवायला त्यांना खरीखुरी आकडेवारी हवी होती. मुद्दा साधा होता. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. एका व्यवहारात किती झिजलं ते डोळ्यांना दिसणार नाही, पण वर्षानुवर्षं चलनात राहिलेल्या नाण्यांचं सरासरी वजन हळूहळू उतरतं. शिवाय सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, म्हणून त्यांच्या वजनातला फरकही वाढत जातो. हे पडताळायला कोसंबींनी त्या काळच्या चालू चलनातली हजारो नाणी एकेक करून तोलली. मग हाच हिशेब तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांना लावला. आहत म्हणजे ठसे मारलेली, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची. त्यांच्या मागच्या बाजूला छोट्या छोट्या खुणा असतात. जितक्या खुणा जास्त तितकं वजन कमी, असं त्यांना दिसलं. त्यावरून, या खुणा नाणं वेळोवेळी तपासून घेणाऱ्या सराफांच्या असाव्यात, असं त्यांनी मांडलं. वहीखात्याशी संबंध असलेल्या कुणालाही हे चटकन कळेल. राजांची नावं बाजूला ठेवून त्यांनी बाजाराचा हिशेब वाचला.

नाण्यांवरून प्रश्न पडला की ही पाडली कुणी? त्यासाठी जुने ग्रंथ वाचायचे तर संस्कृत पक्कं हवं. ते करता करता भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. पण ग्रंथांवरही त्यांचं समाधान झालं नाही. ग्रंथ लिहिणारे थोडे, न लिहिणारे अफाट. त्यांचा इतिहास शोधायचा तर पायीच निघायला हवं.

सुरुवात घराजवळून झाली. पुण्याच्या टेकड्यांवर त्यांना दगडाची बारीक पाती सापडू लागली. कठीण गारेच्या दगडापासून काढलेली, नखाएवढी, धारदार. अश्मयुगातल्या माणसाची ही हत्यारं. आपण रोज तुडवून जातो ती! कोसंबींच्या हातात एक हलकी काठी असायची, तिच्या टोकाला छिन्नीसारखी धार. जमिनीवर दिसणारी वस्तू उचकटून काढण्यापुरतीच ती वापरायची, खणायचं नाही, हा त्यांचा दंडक. सोबतीला कधी विद्यार्थी, कधी हौशी मित्र.

पाती कुठे कुठे सापडतात याची नोंद ठेवताना त्यांना दिसलं की अनेक जागा मेंढरांच्या वाटांवर आहेत. पावसाळा संपला की धनगर कळप घेऊन निघतो, शेतात मेंढरं बसवतो, त्या खताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. त्याच वाटांवर शेंदूर फासलेले तांदळे, म्हसोबा, आसरा, गावाबाहेरच्या देवी. वीरचा म्हस्कोबा, वाडे बोल्हाईची बोल्हाई या दैवतांचा त्यांनी जागेवर जाऊन अभ्यास केला. पुजाऱ्याला, गुराख्याला, म्हाताऱ्या बाईला विचारलं. गाव उठलं, राज्य बदललं, तरी लोक पूजेची जागा सहसा सोडत नाहीत, हे त्यांचं मुख्य म्हणणं.

कार्ल्याच्या लेण्याकडेही ते असंच बघतात. लेणं बोरघाटाच्या तोंडाशी का? कारण कोकणातून घाटावर येणारा व्यापार तिथून जायचा. दान देणाऱ्यांच्या लेखांत अत्तराचा व्यापारी आहे, सुतार आहे, यवनही आहेत. आणि लेण्याच्या दारातच एकवीरा, जिच्या दर्शनाला आजही कोळी बांधव येतात. भिक्खू गेले, व्यापारी तांडे गेले, देवी राहिली.

गोव्यालाही ते विसरले नव्हते. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादींतली गावकारी, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीची व्यवस्था, यावर त्यांनी १९४७ मध्येच लिहिलं होतं. या सगळ्या भटकंतीचं सार १९५६ चं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं पुस्तक आणि १९६२ चं 'मिथ अँड रिॲलिटी' यांत आहे.

त्यांच्या पद्धतीला मर्यादाही आहेत. वरवर वेचलेल्या वस्तूचा काळ नक्की सांगता येत नाही, त्याला थरांचं उत्खननच लागतं. मार्क्सवादी मांडणीमुळे आणि परखड जिभेमुळे वादही खूप झाले. काही निष्कर्ष पुढच्या संशोधकांना पटले नाहीत. पण प्रश्न विचारायची त्यांची रीत टिकली.

१९६२ मध्ये टाटा संस्थेतलं काम सुटलं. २९ जून १९६६ ला पुण्यात झोपेतच ते गेले. वय अवघं ५८. विद्यापीठ अनुदान आयोगाचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला, तो १९८० साली. जन्मशताब्दीनंतर गोव्यात त्यांच्या नावाने विचार महोत्सव सुरू झाला, टपाल तिकीटही निघालं.

ज्या टेकड्यांवर कोसंबींना पाती मिळाली, तशाच टेकड्या आज आपल्या गावोगावी मुरुमासाठी कापल्या जातायत, प्लॉटसाठी सपाट होतायत. तांदळ्यांना ऑइलपेंट लागतोय, वीरगळ पायऱ्यांना बसवले जातायत. सीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, गत एकच. प्रत्येक माळावर पुरातत्त्व खात्याचा माणूस पोचणार नाही. गावातला शिक्षक, दुकानदार, कॉलेजचा पोरगा मात्र पोचू शकतो. वस्तू उचलून घरी न्यायची नाही. फोटो काढायचा, जागा लिहून ठेवायची, जुन्या माणसांना विचारायचं आणि खात्याला कळवायचं. एवढं करायला पदवी लागत नाही, कोसंबींकडेही ती नव्हती.